कंसातला पत्ता

एम.ए.च्या शेवटच्या वर्षी प्रबंधासाठी मी विषय घेतला होता: घरातली बाई परदेशी कामाला गेली की मागे राहिलेलं घर तिच्याशी नातं कसं टिकवतं. विषय मंजूर झाला तेव्हा मला तो सोपा वाटला. मी स्वतः यवतमाळहून शिकायला आलेली, रोज संध्याकाळी घरी फोन करणारी. लांब राहणं म्हणजे काय ते आपल्याला कळतं, असा माझा समज होता.

प्रत्यक्षात दोन महिने मला कुणी दारात उभं करेना. वाघोलीतल्या खोलीतून सकाळी निघायचं, दोन बस बदलायच्या, पत्ता शोधायचा आणि नकार घेऊन परत यायचं. एका बाईंनी संमतीपत्र शेवटपर्यंत वाचलं, त्याची घडी घातली आणि माझ्या हातात परत ठेवलं. "आमच्याकडे सगळं व्यवस्थित आहे. अभ्यास करण्यासारखं काही नाही." दुसऱ्या एका घरी मला विचारलं, "इन्कम टॅक्सकडून आलात का?" तीन घरं हो म्हणाली आणि दुसऱ्या भेटीला गळाली. वर्गातल्या बाकीच्यांच्या मुलाखती लिहून होत आल्या होत्या. माझी वही कोरी होती.

मंडईच्या मागच्या बोळात एक ब्यूरो होता, घरोघरी पेशंट सांभाळायला बायका पुरवणारा. तिथल्या बाईंनी मला तीनदा वाटेला लावलं होतं. चौथ्यांदा गेले तेव्हा माझा चेहरा बघून त्यांना दया आली असावी. म्हणाल्या, "खडकीत एक गृहस्थ आहेत. त्यांची सून आमच्याकडेच होती, आता आखातात असते. बोलके नाहीत ते. पण नाही म्हणायचं त्यांना जमत नाही. बघा जाऊन."

ते दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेले. बाजाराच्या मागे दोन खोल्यांत राहायचे. इतकी वर्षं यंत्रांजवळ काढल्यानं डावा कान जवळजवळ गेलेला. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि एकुलता एक मुलगा चार वर्षांपूर्वी दुचाकीवरून पडून गेला. घरात ते आणि पाचवीतली नात. सून दोन वर्षांपूर्वी आखातातल्या एका देशात एका म्हाताऱ्या बाईची शुश्रूषा करायला गेली होती. देशाचं नाव लिहीत नाही. तसं तिच्याशी ठरलं आहे. मी त्यांना काका म्हणू लागले आणि तिला ताई.

तिचा व्हिडिओ कॉल संध्याकाळी आठला यायचा. तिच्याकडे तेव्हा साडेपाच वाजलेले असायचे आणि तिची म्हातारी सहाला चहा मागायची. त्या अर्ध्या तासात ती सगळं घर चालवायची. फोन पोह्यांच्या डब्याला टेकवून ठेवलेला असे. मुलगी त्याच्यासमोर अभ्यासाला बसायची.

"भांग वाकडा पडलाय. कुणी पाडला?"

"आजोबांनी."

"बाबा, कंगव्याचं टोक वापरा हो. आणि गॅस बारीक करा, मला इथवर वास येतोय."

काका फोन उचलून उजव्या कानाला लावायचे आणि नात हसायची. "आजोबा, आईला नुसता कान दिसतोय."

मी कोपऱ्यात बसून नोंदी करायची. काका मला काही विचारायचे नाहीत. फक्त माझ्या चहात साखर कमी घालायची हे त्यांनी दुसऱ्या दिवसापासून लक्षात ठेवलं. मला त्या घराचा लळा लागला होता. हेही मी वहीत लिहून ठेवलं होतं, कारण तसं लिहायचं असतं असं शिकवलं होतं.

ताईशी मी दुपारी वेगळी बोलायची, तिची म्हातारी झोपली की. पहिल्याच दिवशी तिला संमतीपत्रातल्या अटी मराठीत वाचून दाखवल्या. नावं आणि ठिकाणं काढून टाकली जातील. बोलणं लिहून काढलं की रेकॉर्डिंग पुसलं जाईल. तुम्ही मला सांगितलेलं तुमच्या घरच्यांनाही कळणार नाही.

"घरच्यांनाही नाही?" तिनं विचारलं.

"नाही."

"मग बरं आहे," ती म्हणाली.

सुरुवातीला ती हौसेनं बोलायची. घर कुठं आहे, खाली कसलं दुकान आहे, म्हातारी तिला कुठल्या नावानं हाक मारते, हे सगळं. मी खोलीवर येऊन ते टाइप करायची. शिकवल्याप्रमाणे वस्तीच्या नावाच्या जागी कंसात 'ठिकाण' लिहायची, दुकानाच्या नावाच्या जागी कंसात 'दुकान', आणि टाइप झालं की रेकॉर्डिंग पुसून टाकायची. यात मी वर्गात सगळ्यात काटेकोर होते. प्रबंधाच्या मार्गदर्शक मॅडमनी एकदा माझी पानं सगळ्यांना दाखवलीही होती.

मग ती म्हातारी वारली. ताईला वाटलं होतं, आता परत पाठवतील. त्याऐवजी म्हातारीच्या मोठ्या मुलानं तिला आपल्या घरी नेलं. तिथं सहा मुलं होती. तिचा पासपोर्ट त्याच्याकडे होता. तिला स्वयंपाकघराला लागून असलेल्या सामानाच्या खोलीत झोपायला दिलं आणि घरातले बाहेर गेले की दाराला बाहेरून कुलूप लागू लागलं. हे तिनं मला एकदम नाही सांगितलं. एका दुपारी कुलपाचं सांगितलं, पुढच्या आठवड्यात पासपोर्टचं. त्यानंतर एकदा म्हणाली, हातावर उकळतं तेल सांडलं आणि दवाखान्यात नेलं नाही.

"सांडलं की सांडवलं?" मी विचारलं.

 ती म्हणाली, "घरी सांगू नकोस. बाबांना बीपी आहे. पोरीची परीक्षा जवळ आली आहे. तू कबूल केलंयस."

"हो."

आठच्या कॉलला ती आता ओढणी मनगटापर्यंत ओढून घ्यायची. कॅमेरा तोंडाजवळ धरायची, म्हणजे मागची खोली दिसू नये. नात म्हणाली, "आई, तू फार जवळ येतेस." काकांनी गॅस बारीक केलाय म्हणून सांगितलं. मी ते सगळं लिहून घेतलं.

इथं मला खरं सांगायला हवं. त्या दिवसांत मला वाईट वाटायचं, पण त्याच्याबरोबर आणखी एक गोष्ट वाटायची. आपल्याला काहीतरी मिळालंय असं वाटायचं. लांब गेलेली माणसं घराला काय दाखवतात आणि काय झाकतात, याचं उदाहरण माझ्या हातात आपोआप येऊन पडलं होतं. मी मॅडमना नाव-गाव काढलेली चार पानं दिली. त्यांनी वाचली, चष्मा काढला आणि विचारलं, "ही बाई सुरक्षित आहे ना?"

"हो," मी म्हणाले. "त्रास आहे, पण ती मॅनेज करतेय."

प्रबंध द्यायला अडीच महिने उरले होते. नाही म्हणाले असते तर त्यांनी काम थांबवायला लावलं असतं, हे मला माहीत होतं. म्हणून हो म्हणाले. याला दुसरं कारण नाही.

एका सोमवारी आठला फोन वाजला नाही. काका म्हणाले, "नेट नसेल." मंगळवारी म्हणाले, "पाहुणे असतील त्यांच्याकडे." बुधवारी त्यांनी फोन बंद करून परत चालू केला. नात डब्याला टेकवलेल्या फोनसमोर वही उघडून बसली, साडेआठपर्यंत गणितं केली आणि फोन उचलून चार्जिंगला लावला. मी रोज दुपारी ताईला मेसेज टाकत होते. ते एकाच टिकवर अडकत होते, पोचत नव्हते.

गुरुवारी मी निघताना काका चप्पल घालून माझ्याबरोबर कोपऱ्यापर्यंत आले. असं ते कधी यायचे नाहीत.

"तुझ्याशी बोलते ना ती दुपारची?"

"हो."

"काही म्हणाली होती का? काही अडचण वगैरे?"

"नाही काका."

त्यांनी मान हलवली आणि परत गेले. मी बसमध्ये बसले. येरवड्यापर्यंत मी स्वतःला सांगत होते की मी शब्द पाळला. त्यापुढे मला ते सांगता येईना.

शुक्रवारी मी गेलेच नाही. शनिवारी सकाळी गेले. नात शाळेत होती. काका दारात बसून तांदूळ निवडत होते. मी उभ्यानंच सगळं सांगितलं: म्हातारी गेली, घर बदललं, कुलूप, पासपोर्ट, हात. सवयीनं त्यांच्या उजव्या बाजूला उभी होते, म्हणजे सगळं ऐकू गेलं.

त्यांनी ताट खाली ठेवलं.

"कधीपासून माहितीये तुला?"

"दीड महिना."

"दीड महिना." ते ताटाकडे बघत राहिले. "आणि रोज इथं बसून चहा प्यायलीस."

मी रडायला लागले. ते म्हणाले, "रडू नको. त्यानं काही व्हायचं नाही. आमच्या घरातलं आमच्यापेक्षा तुलाच जास्त माहिती होतं, तर आता काय करायचं तेही तूच सांग." आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं वाटलं असतं.

त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि आम्ही निघालो. ज्या एजंटनं तिला पाठवलं त्याचा फोन बंद होता. जिथं त्याचं ऑफिस होतं तिथं आता मोबाइल कव्हरं विकत होते. पोलिस चौकीत एका हवालदारांनी नीट ऐकून घेतलं आणि सांगितलं की परराष्ट्र खात्याकडे तक्रार नोंदवा, तिथल्या वकिलातीला कळवा. मग त्यांनी विचारलं, "तिकडचा पत्ता काय? मालकाचं नाव? फोन?"

काकांनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्याकडे फक्त तिचा नंबर होता, तोही बंद. बाकीचं त्यांनी कधी विचारलं नव्हतं. रोज समोर दिसणाऱ्या माणसाचा पत्ता कशाला विचारायचा?

"माझ्याकडे असेल," मी म्हणाले. "तिनं मला सगळं सांगितलंय."

विभागातल्या कॉम्प्युटरवर मी तिच्या सगळ्या मुलाखती उघडल्या. सव्वाशे पानं. 'मी राहते ते (ठिकाण), तिथून (ठिकाण) पायी दहा मिनिटं. खाली (नातेवाईक) यांचं (दुकान) आहे.' पानामागून पान मी खाली सरकवत गेले. प्रत्येक कंस मी स्वतः टाकला होता. रेकॉर्डिंग पुसलेली होती. पुसलेलं परत मिळतं का म्हणून रूममेटच्या ऑफिसमधल्या एकाला लॅपटॉप दिला. दोन दिवसांनी तो म्हणाला, "सॉरी, तू फारच नीट डिलीट केलंयस." शेवटची दोन रेकॉर्डिंग तेवढी शिल्लक होती. त्यांत पत्ता नव्हता. एकात ती हातावर टूथपेस्ट लावली असं सांगत होती.

डोळे मिटून तिचा आवाज आठवायचा प्रयत्न करायची. तिनं त्या वस्तीचं नाव निदान पाच वेळा घेतलं होतं. नावाची चाल आठवायची, अक्षरं आठवायची नाहीत. मला खाता येत नव्हतं. आईचा फोन आला की मी दोन मिनिटांत ठेवून द्यायची. आपण एका बाईला कंसात घालून हरवलं, एवढं एकच वाक्य डोक्यात फिरत होतं.

मी मॅडमकडे गेले आणि सगळं कबूल केलं, त्यांना हो म्हणाले होते तेही. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "गोपनीयता त्यांच्यासाठी होती. तुझ्यासाठी नव्हती." एवढं बोलून त्यांनी स्वतःची खुर्ची माझ्या शेजारी ओढली. "हाताने लिहिलेलं काही आहे का? टाइप करायच्या आधीचं?"

होतं. चार वह्या होत्या. मी त्यांत नावं लिहायचीच नाही, पण पहिल्या मुलाखतीत ते नाव मला नीट ऐकू आलं नव्हतं. नंतर विचारू म्हणून समासात पेन्सिलनं तीन प्रकारे लिहिलं होतं आणि पुढे प्रश्नचिन्ह. त्याखाली: 'टायरचं दुकान, मोठा मुलगा बघतो.' मॅडमनी तिन्ही उच्चार नकाशावर शोधले. पहिली दोन नावं कुठंच नव्हती. तिसरं होतं. त्या भागात टायरची चार दुकानं निघाली.

पासपोर्टची झेरॉक्स ब्यूरोच्या बाईंच्या जुन्या फायलीत सापडली. त्यांनी ती देताना माझ्याकडे बघितलंही नाही. तक्रार मी इंग्रजीत भरली, काकांनी खाली मराठीत सही केली. वकिलातीला पत्र, मग आठवणीचं पत्र, मग फोन. फोनवरचे लोक सभ्यपणे बोलायचे आणि तक्रारीचा नंबर विचारायचे. तो नंबर काकांना पाठ झाला होता.

मी रोज खडकीला जात होते. वही नेत नव्हते. काका चहा द्यायचे. साखर आता सगळ्यांसारखीच असायची. नातीला आम्ही आईचा फोन बिघडलाय असं सांगितलं होतं. तिनं एकदा मला बाजूला घेऊन विचारलं, "तू आईबद्दल लिहितेस ना? मग तुला माहिती असेल." मी म्हटलं, आजोबांना विचार. 

ताईचा फोन बंद झाल्यापासून एकोणिसाव्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमाराला काकांचा फोन वाजला. त्यांनी तो उजव्या कानाला लावला, मग लगेच माझ्याकडे दिला. "इंग्रजी आहे." वकिलातीच्या निवाऱ्यातून एक बाई बोलत होत्या. त्यांनी ताईचं नाव विचारलं, पासपोर्ट नंबर विचारला. म्हणाल्या, ही बाई जवळजवळ तीन आठवड्यांपासून आमच्याकडे आहे. तिच्याजवळ कागद नव्हते, ताप होता, आणि ती घरचा जो नंबर देत होती तो लागत होता पण कुणी भलताच माणूस उचलत होता. आज तक्रारींची यादी बघताना जुळलं.

नंतर कळलं ते असं. घरातला कचरा खाली टाकायला सोडलं तेव्हा ती तशीच चालायला लागली होती. पायात चपला होत्या, फोन वर राहिला. एका मल्याळी टॅक्सीवाल्यानं तिला वकिलातीच्या फाटकात सोडलं. तिला एकच नंबर पाठ होता, नवऱ्याचा. तो गेल्यावर नंबर बंद झाला आणि दुसऱ्या कुणाला मिळाला. तापात ती रोज तोच नंबर लावायला सांगत होती.

ती आली ती मुंबईहून बसनं, एका सकाळी. काका आणि नात स्टँडवर गेले होते. मी घरी थांबले. ती दारात आल्यावर मला दिसलं की उजव्या हाताची दोन बोटं वाकत नव्हती. मुलगी तिच्यापासून हातभर अंतरावर उभी राहून तिच्याकडे बघत होती. मग म्हणाली, "आई, तू एवढी बुटकी आहेस?"

"हो गं," ती म्हणाली. "तू वाढलीस." आणि खाली बसली, तिथंच उंबऱ्यावर.

मी चहा केला, कप ठेवले आणि निघून आले.

महिन्याभरानं तिनंच बोलावलं. काका बाहेर गेले होते. मी तिचं संमतीपत्र, चारही वह्या आणि सव्वाशे पानं पिशवीत घालून नेली होती. ती तिच्यासमोर ठेवली आणि म्हणाले, मला माफ करा. तिनं पिशवी उघडली नाही.

"मी सांगू नको म्हणाले होते," ती म्हणाली.

"हो. म्हणून मी..."

"तुला सांगितलं, कारण मला वाटलं होतं तू सांगशील." ती शांतपणे मेथी निवडत होती, डाव्या हातानं. "मला स्वतःला सांगता येत नव्हतं. वाटायचं, ही पोरगी शिकलेली आहे, तिला कळेल. रोज आठला मी बाबांचं तोंड बघायचे. यांना कळलं का, यांना कळलं का. आणि ते म्हणायचे, गॅस बारीक केलाय."

मी पिशवी बाजूला सरकवली. 

"बस," ती म्हणाली. "उभी का?"

प्रबंध मी सहा महिने उशिरा दिला. त्यात ते घर नाही. दुसरी दोन घरं मिळाली, त्यांच्यावर लिहिलं. बरे मार्क पडले. मॅडमनी पुढे संशोधन करायला सुचवलं, मी नको म्हटलं. आता मी वाघोलीतच एका कंपनीत आहे. लोकांच्या तक्रारी वाचून त्यांची वर्गवारी करायचं काम आहे.

ताई पुन्हा ब्यूरोतून जाते, औंधला एका पक्षाघाताच्या आजोबांकडे, दिवसपाळी. उजव्या हातानं चमचा धरता येत नाही म्हणून डाव्यानं भरवायला शिकली. मागच्या महिन्यात तिनं मला फोन केला. दुसऱ्या एका देशाचं काम आलंय, या वेळी कागदपत्रं नीट आहेत, इंग्रजीत आहेत, वाचून दाखवशील का.

मी गेले. आठ पानं होती. मी एकेक ओळ मराठीत सांगितली. पासपोर्टचं कलम दोनदा वाचलं. काका खिडकीपाशी बाहेर बघत उभे होते, ऐकू न येणारा डावा कान आमच्याकडे. मुलगी आता सातवीत आहे. ती स्वयंपाकघरात होती आणि भांड्यांचा आवाज थांबला होता.

"तुला काय वाटतं?" ताईनं विचारलं.

"जाऊ नका," मी म्हणाले.

तिनं पानं सारखी केली आणि पिशवीत ठेवली. "बघते," ती म्हणाली. "अजून पंधरा दिवस आहेत."